गरम झाली की बंद: सोलापूरच्या उन्हातला एक पी ०३३५

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ सालची, चार सिलिंडर. मालक आमचे दाजी. राहायला जुळे सोलापूर, धंदा चादरी-टॉवेलचा, त्यामुळे तुळजापूर, अक्कलकोट, मोहोळ अशी सतत धावपळ. एप्रिल तापायला लागला आणि गाडीने एक खोड धरली. मोकळ्या रस्त्यावर भर दुपारीही ती ऐंशीने बिनतक्रार पळायची. तुळजापूरहून परत येताना नाका जवळ आला, गर्दी लागली, वेग उतरला, की एकदम बंद. आधी धक्के नाहीत, मिसिंग नाही. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीच्या जोमाने फिरायचं, पण पकडायचं नाही. बाजूला लावून पाऊण तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. सकाळी कधी बंद पडली नाही, रात्री कधी पडली नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०३३५ हा बिघाडाचा कोड मिळाला आणि क्रँक सेन्सर (इंजिनाच्या मुख्य शाफ्टची फिरकी मोजणारा) बदलला गेला. त्यानंतर अवकाळी पाऊस होऊन हवा उतरली, तेवढे दिवस गाडी छान चालली. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. ऊन परत तापलं आणि तोच कोड, तीच तक्रार. मग दुसऱ्या ठिकाणी दाखवली. तिथे त्यांनी वायर मीटरच्या बझरवर वाजवून बघितली, "वायर ओके" म्हणाले, सेन्सर तर नवाच आहे, म्हणजे ईसीएमच (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असणार असा निष्कर्ष निघाला. खर्चाचा अंदाज तीस हजारांच्या घरात. त्या संध्याकाळी दाजी घरी आले. "ईसीएम गेलाय म्हणूलालेत बे, काय करू सांग."

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांची इलेक्ट्रॉनिक्सची देखभाल बघतो. मागाच्या मुख्य शाफ्टची फिरकी मोजायला जो सेन्सर असतो, त्याचं काम आणि गाडीच्या क्रँक सेन्सरचं काम जवळपास एकच. फिरणारं लोखंड समोरून गेलं की एक ठोका पाठवायचा. आणि मागांवर मी वर्षानुवर्षं बघत आलोय की सेन्सर स्वतः क्वचित मरतो. मरते ती त्याच्यापर्यंत जाणारी वायर. म्हणून दाजींना एवढंच म्हणालो, "दाजी, ईसीएमला पैसे देऊ नका. रविवारी गाडी माझ्याकडे आणा. आणि दुपारीच आणा, सकाळी नको."

कोडने काय सांगितलं होतं

आधी कोड नीट वाचायला हवा. भारतात बीएस-४ (धुराच्या मर्यादांचा सरकारी टप्पा) गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायच्या व्यवस्थेचा, दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे २०१४ च्या अशा गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. आपल्या शहराचं इथे एक वैशिष्ट्य आहे. २०१० साली देशातल्या मोजक्या शहरांत बीएस-४ आधी आलं, त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. म्हणजे ईसीएम, सेन्सर आणि चेक लाइटवाल्या गाड्या आपल्याकडे नवीन नाहीत. हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर आणि फोनमधलं अ‍ॅप एवढ्यावर घरी कोड वाचता येतो.

पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचा शून्य सांगतो की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे, एका कंपनीचा खाजगी नाही. तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायरचा गट. आणि पूर्ण कोडचं वर्णन आहे "क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए, सर्किट". यातला शेवटचा शब्द सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच वाचायचा राहतो. ईसीएम म्हणतोय की या सर्किटकडून मला ठोके मिळत नाहीत. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर (वायरी जोडणारं प्लॅस्टिकचं कनेक्टर) येतो, तीन वायरी येतात, क्रँकवरची दातांची रिंग येते आणि ईसीएमची स्वतःची पिनही येते. सेन्सर खराब आहे असं कोड म्हणत नाही. तसं त्याला कळायचा मार्गही नाही.

सेन्सर बदलणं हा एक अंदाज होता, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. गरम झाल्यावर मार खाणारे क्रँक सेन्सर असतात, त्यांची लक्षणंही अशीच असतात. पण अंदाज चुकला हे नव्या सेन्सरने सिद्ध केल्यावर पुढची पायरी मोजमापाची असायला हवी होती. ती गाळून एकदम तीस हजारांच्या भागावर उडी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण गाडी ज्याची असते त्याला यातलं काही तपासता येत नाही. त्याला सांगितलं ते त्याने मानायचं आणि पैसे मोजायचे.

काट्याने दिलेली साक्ष

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या पेट्रोल गाडीत संशयित बरेच असतात. पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल, मेन रिले, क्रँक सेन्सरचं सर्किट. यातला कोण, हे ठरवायला सर्वात स्वस्त साधन डॅशबोर्डवरच असतं. दाजींना विचारलं, "बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो?"

"काटा? काटा फटकन खाली जातो की. गाडी पुढं चाललेलीच असते."

हे उत्तर फार बोलकं आहे. पंपाने दगा दिला तर पेट्रोलचा दाब उतरत जातो, इंजिन गुदमरतं, काटा थरथरत खाली येतो. कॉइल गेली तरी गाडी गिअरमध्ये पळत असेपर्यंत चाकं इंजिनला फिरवतच असतात, म्हणून काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. पण इंजिन प्रत्यक्ष फिरत असताना काटा एका झटक्यात शून्यावर आला, तर त्याचा अर्थ ईसीएमला ते फिरणं दिसेनासं झालंय. बऱ्याच गाड्यांत रिंगवर साठ दातांची जागा असते, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती गाळलेली जागा किती वेळाने येते आणि मधले दात कसे मोजले जातात, यावर ईसीएम पिस्टन कुठे आहे हे ठरवतो. ठोके थांबले की ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी फवारायचं हे त्याला कळत नाही. मग तो दोन्ही बंद करतो, आणि काही क्षणांत पंपही.

ईसीएमने साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, हेही सांगत होता की कोड कमी वेगात, इंजिन पूर्ण गरम असताना पडला. दाजींच्या सांगण्याशी ते जुळत होतं.

वेग उतरल्यावरच का, याचंही उत्तर उष्णतेत आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून हवा येत राहते आणि बॉनेटखालची धग मागे वाहून जाते. सिग्नलला थांबलात की ती धग तिथेच साचते. इंजिन बंद केल्यावर तर पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान आणखी चढतं, कारण इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता बाहेर येत राहते आणि ती हलवायला वारा नसतो. म्हणूनच लगेच सेल्फ मारून उपयोग होत नसे, पाऊण तासाने होत असे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना हे सगळं आणखी वरच्या पातळीवर घडतं. थंड हवेच्या गावात हीच गाडी कदाचित आणखी दोन वर्षं कुरकुर न करता चालली असती.

बिघाड दारात बोलावणे

गॅरेजमध्ये सकाळी अकराला, थंड इंजिनावर, सावलीत मोजमाप झालं होतं. त्या अवस्थेत गाडीला काही झालेलंच नव्हतं, मग मीटर तरी काय दाखवणार? जो बिघाड गरमीत येतो तो गरमीतच मोजायला हवा.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला गाडी घरासमोर उन्हात उभी केली. अ‍ॅडॉप्टर लावला, फोनवर आरपीएम आणि कूलंटचं तापमान उघडं ठेवलं, एसी चालू, बॉनेट बंद, इंजिन आयडलवर. अक्का आतून ताक घेऊन आली तोवर इंजिन चालू होतं, आणि ताक संपायच्या आत ते बंद पडलं. लगेच दाजींना सेल्फ मारायला सांगितलं. स्टार्टर इंजिनाला खणखणीत फिरवत होता आणि फोनवर आरपीएम शून्य. निरोगी गाडीत सेल्फ मारताना तिथे दोनशेच्या आसपास आकडा दिसतो. पंप, कॉइल आणि रिले या तिघांनाही इथे रजा मिळाली.

आता मोजमाप. हा हॉल जातीचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला सेन्सर, तीन वायरींचा. एका वायरीवर ईसीएम पाच व्होल्ट देतो, दुसरी सेन्सरची अर्थ (अर्थिंगची, बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), तिसरी सिग्नलची. सिग्नलच्या वायरीवर ईसीएम आतूनच पाच व्होल्टचा हलका ताण धरून ठेवतो आणि सेन्सर प्रत्येक दातासरशी ती वायर अर्थकडे खाली ओढतो. म्हणून क्रँकची पुली फिरवली की सिग्नल जवळजवळ शून्य आणि जवळजवळ पाच असा वरखाली व्हायला हवा. (ज्या गाड्यांत दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर असतो तिथे ही पद्धत चालत नाही. तिथे सेन्सरच्या आतल्या कॉइलचा ओहम मोजायचा आणि सेल्फ मारताना मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट करंटच्या) ठेवून बघायचं.)

मीटरची टोकं लावताना वायर टोचायची नाही. कपलर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, बारीक टाचणी आत सरकवायची, धातूला टेकेपर्यंत. मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. मी टाचण्या आधीच, इंजिन थंड असताना, बसवून ठेवल्या होत्या. कारण गरम इंजिनात, सायलेन्सरच्या बाजूला हात घालून हे बारीक काम करणं म्हणजे पोळून घेणं.

थंड असताना आकडे असे होते: पुरवठा ५.०२ व्होल्ट, अर्थ ०.०१, आणि इग्निशन कॉइलचे कपलर व पंपाचा फ्यूज काढून पान्याने पुली हळू फिरवली तेव्हा सिग्नल ०.१ आणि ४.९ मध्ये नियमित हलणारा. अगदी पुस्तकी. गाडी बंद पडल्यावर, चावी ऑनवर ठेवून पुन्हा तेच मोजलं. पुरवठा ५.०२, जसाच्या तसा. सिग्नल पाचाच्या जवळ अडकलेला. पुली कितीही फिरवा, हलायला तयार नाही. आणि अर्थची वायर १.९ व्होल्टवर.

अर्थवर १.९ व्होल्ट. सगळं प्रकरण या आकड्यात आहे. अर्थची वायर बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेली असते, तिच्यावर व्होल्टेज नसल्यातच जमा असायला हवं. ती १.९ वर चढली म्हणजे सेन्सर आणि खरी अर्थ यांच्या मधे कुठेतरी मोठा अडथळा उभा राहिलाय. सेन्सरच्या वाट्याला पाचऐवजी तीनच व्होल्ट उरले, आणि तेवढ्यावर तो मूग गिळून बसला. असा सेन्सर दहा मिलिअँपच्या आसपास करंट घेतो. त्या हिशेबाने अडथळा दोनशे ओहमच्या आगेमागे येतो. निरोगी वायरीत तो एका ओहमच्याही खूप खाली असतो.

ईसीएम निर्दोष कसा

अर्थ खराब आहे, पण कुठे? ईसीएमच्या आत त्या पिनेचा टाका सुटला असेल तरी आकडा असाच येईल, आणि मग तीस हजारांचा अंदाज खरा ठरेल. म्हणून ईसीएमच्या बाजूच्या कपलरवर, त्याच वायरीच्या मागून टाचणी घालून बघितलं. वायरिंगच्या आकृतीवरून पिन नक्की केली, नुसत्या रंगावर भरवसा ठेवला नाही, कारण एकाच रंगाच्या दोन वायरी शेजारी असू शकतात. तिथे आकडा ०.०१. सेन्सरच्या टोकाला १.९ असताना ईसीएमच्या टोकाला ०.०१. म्हणजे ईसीएम आपली अर्थ चोख देतोय, ती वाटेत हरवतेय.

दुसरा एक पुरावा कागदावरच होता. या गाडीत क्रँक आणि कॅम (झडपा उघडणारा शाफ्ट) या दोन्ही सेन्सरांची अर्थ हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, एकाच जोडापासून फुटते. जोडाच्या अलीकडे, ईसीएमच्या बाजूला काही बिघडलं असतं तर कॅम सेन्सरनेही बोंब मारली असती आणि त्याचा कोड पी ०३४० सोबत दिसला असता. तो एकदाही आला नाही. बिघाड जोडापासून क्रँक सेन्सरपर्यंतच्या हातभर वायरीत आहे, हे वायरीला हात न लावता ठरलं.

मग गॅरेजच्या मीटरवर ही वायर ओके कशी आली? मीटरचा बझर साधारण तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. अर्ध्या ओहमची वायर आणि पंचवीस ओहमची वायर त्याला सारखीच. शिवाय बझरवर वायरीतून अगदी किरकोळ करंट जातो, त्यामुळे कुजलेला जोडही तेवढ्यापुरता पास होतो. त्यात मोजमाप थंडपणी. वायर पूर्ण तुटली की नाही एवढंच बझर सांगतो. ती काम करते का, हे कळायला तिच्यातून करंट वाहत असताना दोन टोकांमधलं व्होल्टेज बघावं लागतं. आमच्याकडे मागांवर नवीन आलेल्या पोरांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो. बझर वाजला की समाधान होतं आणि शोध थांबतो, म्हणून.

हेअर ड्रायर आणि ओला फडका

जागा शोधायला अक्काचा हेअर ड्रायर घेतला. ऊन उतरल्यावर, इंजिन थंड करून, चावी ऑन, मीटर सेन्सरच्या अर्थवर. आधी नव्या सेन्सरवर गरम हवा सोडली: आकडा ०.०१, हलला नाही. कपलरवर: काही नाही. मग हार्नेस वीतभर वीतभर तापवत पुढे सरकत गेलो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या पत्र्याच्या आवरणाजवळ जिथे हार्नेस वळण घेतो, तिथे आकडा ०.०४ झाला, मग ०.३, मग एकदम दीडच्या पुढे. त्याच जागी ओला फडका धरला तर परत खाली. बोटाने नुसतं वाकवलं तरी नाचायला लागला.

त्या वळणावर हार्नेसला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप नव्हती. तिची तुटलेली खुंटी भोकात तशीच होती. मागे कधीतरी क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवला गेला होता, तेव्हा ती गेली असावी. क्लिप गेल्याने हार्नेस लोंबकळून पत्र्याच्या जवळ आला, इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर त्याच एका जागी वाकत राहिला.

बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि हार्नेसवरचा काळा नळीदार स्लीव्ह चिरला. स्लीव्ह वाळून खडंग झालेला, हातात तुकडे येत होते. आतल्या तीन वायरी वरवर बघता धडधाकट. अर्थच्या वायरीवर भिंगातून बघितलं तेव्हा एक सुईएवढं छिद्र दिसलं, काठाला हिरवी कड. कुणीतरी कधीतरी टेस्टिंग लॅम्पचं अणकुचीदार टोक त्या वायरीत टोचलेलं होतं. ब्लेडने वरचं प्लॅस्टिक लांबीच्या दिशेने उघडलं. आत तांबं असं उरलंच नव्हतं. काळपट-हिरवी भुकटी, तिच्यात दोन बाजूंनी आलेली बारीक तारांची टोकं, एकमेकांना जेमतेम टेकलेली. चिमटीने एक तार उचलली तर ती वाकली नाही, तुटली. छिद्राच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांब तांबं काळं पडलेलं होतं. पाणी तारांच्या फटीतून आत आत ओढलं गेलं होतं.

उरलेलं कोडं इथे सुटतं. प्लॅस्टिक गरमीने तांब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. थंडपणी वरचं आवरण आखडलेलं असे आणि ती कुजकी टोकं एकमेकांवर दाबून धरत असे. बझर वाजे, गाडी चाले. वळण तापलं की आवरण ताणलं जाई, टोकं किंचित दूर होत आणि मधे उरे ती भुकटी. केसाएवढी फट, पण गाडी तुळजापूर नाक्यावर उभी करायला पुरेशी.

वायर टोचून तपासणं ही सवय थांबायला हवी असं मला कळकळीने वाटतं. टोचणाऱ्याचं काम अर्ध्या मिनिटात होतं. ते छिद्र मात्र तिथेच राहतं. गाडी धुताना पाण्याचा फवारा आत शिरतो, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, आणि दोन-तीन वर्षांनी कुणा वेगळ्याच माणसाच्या पैशांनी सेन्सर बदलला जातो. टाचणीने मागून मोजायला शिकणं अवघड नाही. आणि टोचावंच लागलं तर त्या जागी चिकट लेप असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) किंवा निदान लिक्विड टेप लावून ती बंद करणं, एवढं तरी झालंच पाहिजे.

दुरुस्ती

दोन्ही बाजूंना लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत नेली. एकूण वीतभर तुकडा निघाला. त्याच जाडीची, अर्धा चौरस मिलिमीटरची, उष्णता सोसणारी ऑटो वायर आणली. घरातल्या लाइट फिटिंगची वायर इथे चालत नाही. तिचं आवरण एवढ्या गरमीला आणि तेलाला टिकत नाही.

जोड सोल्डरने करावा की दाबून, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: थरथरणाऱ्या जागी दाबून. सोल्डर तारांच्या फटीतून वर चढतं, तेवढी वायर कडक होते आणि कडक भाग संपतो तिथेच पुढे तुटते. तांब्याचे छोटे जोड-स्लीव्ह, नीट जबड्याचा क्रिम्पिंग पाना आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. पक्कडीने चेपलेला जोड हा जोड नव्हे. दोन जोड नव्या तुकड्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब आले, म्हणजे हार्नेस एका जागी फुगत नाही. मूळ वायरींना जसा पीळ होता तसाच पुन्हा दिला, कारण तो पीळ इग्निशनचा विद्युत गोंधळ सिग्नलमध्ये शिरू देत नाही. ज्या गाड्यांत या वायरीवर जाळीचं कवच असतं, तिथे ते कवच पुन्हा जोडायला विसरू नये, आणि ते सेन्सरच्या टोकाला बॉडीशी टेकवू नये.

वरून कापडी हार्नेस टेप. साधी काळी पीव्हीसी टेप सोलापूरच्या एका उन्हाळ्यात पाघळून चिकट राड होते आणि सुटून येते. मग नवीन स्लीव्ह, आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, नवी क्लिप. हार्नेस पत्र्यापासून चांगला चार बोटं लांब धरला. क्लिप बसवली नसती तर नवी वायरही त्याच वाटेने गेली असती.

शेजारच्या दोन वायरीही त्या वळणावर उघडून तपासल्या. कडक झाल्या होत्या, पण आवरण अखंड होतं आणि करंट देऊन बघितल्यावर व्होल्टेज पडत नव्हतं. ही तपासणी वायर दोन्ही टोकांना कपलरमधून सोडवून, बारा व्होल्टचा पाच वॅटचा दिवा तिच्यातून लावून केली. दिवा पूर्ण तेजाने पेटला पाहिजे आणि वायरीच्या दोन टोकांत व्होल्टेज नगण्य राहिलं पाहिजे. ईसीएम जोडलेला असताना हा दिवा कधीही लावू नये. सेन्सरच्या पिना एवढ्या करंटसाठी नसतात, आणि मग ईसीएम खरोखरच बदलावा लागेल. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना तर घरी मीटरही लावू नये.

झालं की नाही, हे कसं ठरवलं

कोड पुसला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं होत नाही. पहिल्या वेळी हीच गफलत झाली होती. हवा थंड होती आणि श्रेय सेन्सरला मिळालं. म्हणून बिघाड ज्या पायऱ्यांनी आला त्याच पायऱ्या पुन्हा चढलो. आधी हेअर ड्रायर त्याच वळणावर, त्याच अंतरावरून: अर्थ ०.०१, वाकवून, ओढून, तापवून ०.०१. मग गाडी दुपारी उन्हात, बॉनेट बंद, एसी चालू, आयडल. कंटाळा येईपर्यंत चालू ठेवली. बंद करून दहा मिनिटांनी, धग सर्वांत जास्त असताना, सेल्फ मारला. फोनवर लगेच दोनशेच्या वर आकडा आणि इंजिन चालू. त्यानंतर दाजी भर उन्हात तुळजापूरचा घाट चढून गेले आणि संध्याकाळच्या गर्दीत परत आले. अ‍ॅडॉप्टर लावून पेंडिंग कोडही बघितले, कारण काही बिघाड चेक लाइट लावायच्या आधी तिथे नोंदले जातात. काही नव्हतं.

पूर्ण मे गेला, पारा त्रेचाळीसला टेकला, गाडी बंद पडली नाही.

काढून ठेवलेला जुना सेन्सर मी मागून घेतला होता. तो परत बसवून बघितला, तापवून बघितला: सिग्नल ठणठणीत. तो आता वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत आहे, आणि नवा गाडीत. वायर, जोड, हीट श्रिंक, टेप, स्लीव्ह आणि क्लिप मिळून खर्च तीनशेच्या आत आला.

दाजींच्या सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर एक नोंद लिहून ठेवली आहे, पुढच्या मेकॅनिकसाठी: क्रँक सेन्सरच्या अर्थच्या वायरीत, इंजिनाच्या मागच्या वळणावर, क्रिम्प केलेले दोन जोड आहेत, गिअरबॉक्स उतरवला तर क्लिप परत बसवावी, वायर टोचू नये, कपलरच्या मागून मोजावी, थंडपणी अर्थ ०.०१ व्होल्ट, गरमपणीही ०.०१.